फोटोचे मोल आणि नोटिशीची भीती



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांत आपण संतवाङ्मय ऐकता, ग्रहताऱ्यांची माहिती ऐकता, हृदयविकारावर डॉक्टरांचे चार शब्द ऐकता. त्या पंक्तीत 'इंटरनेटवर लावलेल्या फोटोबद्दल येणारी मागणीपत्रे' हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी शंका काढली की, याला श्रोते कोठून येणार? आम्ही त्यांना म्हटले, आपल्या मुळशी तालुक्यात हॉटेले आहेत, शाळा आहेत, गणेशमंडळे आहेत, पिरंगुटला कारखाने आहेत आणि हिंजवडीला तर संगणकाचे अख्खे नगर आहे. यांपैकी ज्यांचे इंटरनेटवर पान आहे, त्यांतल्या कोणी छातीवर हात ठेवून सांगावे की, त्या पानावरचा प्रत्येक फोटो आपण काढलेला किंवा विकत घेतलेला आहे! गृहस्थ हसले. त्यांच्याही मंडळाचे पान होते.

आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. कायदा शिकलो तो मालकांच्या नोटिशींना उत्तरे देता देता. पण एके दिवशी नोटीस आमच्यावरच आली आणि तीही कोणा मालकाची नव्हे.

झाले असे. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिलला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. 'जान किंवा जमीन' हा त्या मावळ्यांचा पुकारा होता. त्या दिवसाची आठवण म्हणून आमच्या युनियनच्या पानावर चार ओळी घालायच्या ठरल्या. एका सभासदाच्या मुलाने त्या लिहिल्या आणि वर धरणाच्या पाण्याचा, श्रावणातल्या ढगांचा एक सुरेख फोटो लावला. कोठून आणलास, असे आम्हीही विचारले नाही. दोन वर्षांनी एका एजन्सीकडून ईमेलने पत्र आले. तुम्ही आमच्या छायाचित्रकाराचा फोटो विनापरवाना वापरला आहे, १४ दिवसांत ४८,००० रुपये भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाया करू. सोबत आमच्या पानाची प्रत जोडलेली.

कार्यकारिणी बसली. खजिनदार म्हणाले, भरून टाका, तुरुंगाची भाषा आहे. दुसरे म्हणाले, फाडून टाका, असले कागद फार येतात. तिसऱ्यांनी मधला मार्ग काढला: फोटो गुपचूप काढावा आणि काही घडलेच नाही असे दाखवावे. तिघेही चुकत होते, आणि त्यांत आमचे सर्वांत जुने पुढारी होते, म्हणून गंमत वाटते. कामगाराला चार्जशीट मिळाली की हीच माणसे त्याला सांगतात, सही करून घे, नीट वाच, मुदतीत उत्तर दे, आणि उत्तरात नको ते कबूल करू नकोस. स्वतःच्या दारी कागद आला तेव्हा मात्र हे शहाणपण खुंटीवर टांगले गेले.

नोटीस म्हणजे निकाल नव्हे; पण ती रद्दीही नव्हे. तेव्हा आधी कागद खरा की खोटा ते पाहावे. २०२१ साली मायक्रोसॉफ्टने इशारा दिला होता की, 'तुम्ही माझे फोटो चोरलेत, पुरावा येथे पाहा' असे धमकीचे निरोप संकेतस्थळांच्या संपर्क-रकान्यांतून धाडले जात आहेत आणि त्यातल्या दुव्यावर बोट ठेवले की संगणकात विषाणू शिरतो. म्हणून पुराव्याचा दुवा उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासावा. पत्र वकिलाचे असेल तर त्याचा सनद क्रमांक पाहावा. आमचे पत्र खरे निघाले.

मग कायदा. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा आहे आणि त्यात फोटो ही कलाकृतीच मानली आहे. हक्क मिळण्यासाठी नोंदणी लागत नाही. चाप दाबला की हक्क उपजला. 'इंटरनेटवर होता म्हणून घेतला' हे उत्तर 'बांधावर आंबा होता म्हणून तोडला' याच जातीचे आहे. खाली नाव लिहिले तरी परवानगी घेतली असे होत नाही. टीका, समीक्षा, चालू घटनांचे वृत्त यांसाठी कलम ५२ ने वाजवी वापराची मोकळीक ठेवली आहे. शिक्षकाला वर्गात शिकवण्यासाठीही आहे. पण वर्गात दाखवलेला फोटो शाळेच्या जाहिरातीच्या पानावर गेला की ती मोकळीक तेथे पुरत नाही.

आता खजिनदारांच्या तुरुंगाविषयी. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे हे खरे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, हेही खरे. पण त्या कलमात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, तो पत्रातून गळला होता. धंद्यातल्या नफ्यासाठी केलेले नसेल तर कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभाही न्यायालयाला आहे. दिवाणी बाजूला कलम ५५ सांगते की, यावर कोणाचा हक्क आहे हे ठाऊक नव्हते आणि तसे समजायला वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध केलेत तर मनाई हुकूम आणि झालेल्या नफ्यातला वाटा यांपलीकडे काही देणे लागत नाही. मात्र फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचे नाव असताना ते कातरून टाकले असेल तर हे कलम कसे तारील? भरपाईच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. पण चित्र आजही पानावर असेल तर मुदत संपली म्हणून निजता येत नाही.

आणखी एक भीती पत्रात होती, दिल्लीच्या कोर्टात खेचण्याची. हक्कदाराला स्वतःच्या गावी दावा लावण्याची सोय कायद्याने दिली आहे खरी. तिला मर्यादा पडली ती आपल्या मुंबईच्याच प्रकरणाने. गाण्यांचे हक्क सांभाळणारी संस्था मुंबईची, ज्याच्यावर दावा तो चित्रपटगृहाचा मालकही मुंबईचा, आणि दावा मात्र दिल्लीत, कारण तेथे संस्थेची शाखा! २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुख्य कचेरी जेथे आहे तेथेच प्रकरण घडले असताना प्रतिपक्षाला दूरच्या शाखेच्या गावी ओढता येणार नाही.

आम्ही फोटो पानावरून उतरवला, आधी पानाची प्रत ठेवून. मग सात ओळींचे उत्तर लिहिले. कबुली नाही, शिवी नाही. विचारले इतकेच: फोटो कोणी काढला, केव्हा काढला, मूळ फाइल कोठे आहे? तुमच्या एजन्सीला त्याने कोणता हक्क, कोणत्या लेखाने दिला? अशा वापराला तुमचा रोजचा दर काय? आणि ४८,००० चा आकडा कसा आला? हे प्रश्न आडमुठेपणाचे नाहीत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, असे कलम १९ म्हणते. दावा मूळ हक्कदार लावू शकतो किंवा ज्याला एकट्यालाच परवाना दिला तो लावू शकतो. दहा अडत्यांतल्या एका अडत्याचे ते काम नव्हे. शिवाय पैसे देऊन, सांगून काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. नोकरीत काढलेल्याचा मालक बहुधा कंपनी असते. तेव्हा लग्नाच्या किंवा कारखान्याच्या फोटोवर मागणी आली तर 'तुमचा हक्क कसा?' हा प्रश्न पहिला.

हा प्रश्न किती कामाचा, याचे नमुनेदार उदाहरण अमेरिकेत घडले. कॅरल हायस्मिथ या बाईंनी आपले हजारो फोटो तेथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाला, सर्व लोकांना वापरता यावेत म्हणून दिले होते. २०१५ च्या अखेरीस त्यांच्याच संस्थेला १२० डॉलरचे मागणीपत्र आले. फोटो त्यांनीच काढलेला! त्यांनी २०१६ मध्ये गेटी इमेजेस आणि इतरांवर शंभर कोटी डॉलरहून मोठा दावा लावला. न्यायालयाने त्याचा बराच भाग काढून टाकला आणि उरलेले आपसांत मिटले. आम्हाला त्यातला बोध एवढाच की, मागणी करणाऱ्याजवळ हक्क असेलच असे नाही. उद्या कोणी १९२१ ते १९२४ च्या सत्याग्रहाचा, त्याच काळी छापून आलेला फोटो दाखवून पैसे मागेल तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे. त्याची मुदत केव्हाच सरली, आणि जुन्या फोटोची नुसती प्रत काढल्याने नवा हक्क जन्मत नाही. कलम ६० तर असे सांगते की, निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध आपणच कोर्टात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो. त्याने तत्परतेने खरा दावा लावला तर मात्र ही वाट बंद होते.

फुकट वापरास दिलेल्या फोटोंविषयी एक गोष्ट राहिली. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना असतो. बहुतेक वेळा त्यात अट असते ती काढणाऱ्याचे नाव आणि परवाना नमूद करण्याची. लोक फुकट तेवढे वाचतात, अट वाचत नाहीत, आणि तेथेच पत्र येते. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत मात्र सोय आहे की, चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर गेलेला परवाना आपोआप परत मिळतो. आवृत्ती कोणती ते पाहावे.

आमच्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आले. कागद चोख होते. फोटो एका तरुणाने काढला होता. नोकरी नाही, ताम्हिणीच्या पावसात प्लॅस्टिकखाली दिवस दिवस बसायचे, कॅमेरा हप्त्यांवर. तेव्हा आमचे सरचिटणीस, जे फाडून टाका म्हणाले होते ते, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पिरंगुटला नगावर मजुरी घेणाऱ्या पोरासाठी आपण गेटवर बसतो, आणि या पोराचा नग आपण फुकट उचलला." सभेत कोणी काही बोलले नाही.

याचा अर्थ ४८,००० मोजायचे असा आम्ही लावला नाही. चुकलेली मजुरी भरायची ती मजुरीच्या दराने; भीतीच्या दराने नव्हे. त्यांच्याच दरपत्रकात लहान संस्थेच्या पानावरील वापराचा दर होता, तो दोन वर्षांचा धरला आणि विनापरवाना वापरला म्हणून थोडा चढ दिला. ६,००० रुपयांत मिटले. लेखी घेतले की, या फोटोच्या आजवरच्या वापराबद्दल काही मागणी उरली नाही. मूळ हक्कदाराचे नाव त्यात घालायला लावले आणि पावती मागून घेतली. तोंडी मिटवू नका. पुढच्या वर्षी दुसरी एजन्सी येते.

पुढे त्या तरुणाची गाठ पडली. आम्ही विचारले, तुला किती मिळाले? त्याने सांगितले, निम्म्याहून कमी. बाकीचे शोधणाऱ्या कंपनीचे आणि एजन्सीचे. आम्हाला आमचा जुना मुकादम आठवला. फरक इतका की मुकादम निदान ऊन सोसत उभा असे. येथे लाखो पानांवरचे फोटो यंत्रच ताडून पाहते आणि पत्रही यंत्रच लिहिते. तरीही ही एजन्सी नसती तर त्या पोराला छदामही मिळाला नसता, हेही तोच म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणखी एका माणसाकडे या पत्रांत कोणी पाहत नाही, तो म्हणजे फोटोतला माणूस. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका स्त्रीची याचिका आली. तिच्या गावच्या ओळखीच्या छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवला. तेथून तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या सरकारी जाहिरातींत आणि खाजगी जाहिरातींत झळकला. घेणारे म्हणतील, आम्ही परवाना घेतला होता. पण परवाना कोणाचा? तिचा तर नव्हे! न्यायमूर्तींनी हा प्रथमदर्शनी तिच्या फोटोचा तिच्या संमतीविना केलेला व्यापारी वापर दिसतो, असे म्हणून सर्वांकडे खुलासा मागितला. आता आमच्या पानावर भात लावणाऱ्या बायांचा किंवा यंत्रापुढल्या कामगाराचा फोटो घालायचा तर आम्ही दोन सह्या घेतो, काढणाराची आणि फोटोतल्या माणसाची. दुसरी सही घेताना बाया हसतात, "आमचा कसला फोटो" म्हणतात, पण एकीने विचारले, "याचे पैसे कोणाला मिळतात?" तिला आम्ही खरे ते सांगितले, आणि तिने सही केली नाही.

धरणाचा तो फोटो आमच्या पानावर परत लागला आहे, रीतसर, खाली त्या पोराचे नाव आहे. ज्यांच्याकडे असली पत्रे आली असतील त्यांनी ती घेऊन सभा संपल्यावर त्या डाव्या हाताच्या टेबलाशी यावे. पत्र पूर्ण आणावे, मागचे पानही. दराचा तक्ता बहुधा तेथेच असतो. फोटो आधीच पानावरून काढला असेल तर कोणत्या तारखेला, तेवढे आठवून ठेवा.