भाडेकरूचे सामान भिजले, तर भरपाई कोणाची?

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत आपल्यापैकी अनेकांची पिढीजात घरे आहेत आणि त्यांत जुने भाडेकरू आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हापासून मला वारंवार विचारले जाते : भाडेकरूचे सामान खराब झाले, तर मालक जबाबदार का?

पुराचे उत्तर सोपे आहे. नदीचे पाणी मालकाने आणलेले नाही. भिजलेल्या फ्रीज-कपाटाची भरपाई सहसा त्याच्याकडे मागता येत नाही.

खरा वाद गळतीचा आहे. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. गच्चीवरची टाकी आमच्या ताब्यात, खाली शिवणकाम करणारे भाडेकरू. "भाऊ, टाकी झिरपतेय," असे ते दोनदा सांगून गेले. एवढ्याशा भाड्यात किती दुरुस्त्या करायच्या, म्हणून मी कानाडोळा केला. एका रात्री टाकी फुटली आणि गिऱ्हाइकांचे कापड भिजले. मी वकिली केलेला माणूस. कोर्टात काय होईल ते ठाऊक होते. गच्ची, टाकी, सामाईक जिना मालकाच्या ताब्यात असतात. तिथला दोष कळूनही तो स्वस्थ बसला, तर तो निष्काळजीपणा ठरतो. भाडे कमी आहे, हा बचाव चालत नाही. मी पैसे दिले. कुरकुरत का होईना, दिले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे कलम १०८ प्रत्येक घरमालकाने वाचावे. आपल्याला ठाऊक असलेला, पण भाडेकरूला सहज न दिसणारा गंभीर दोष आधी सांगावा लागतो. बंधनकारक दुरुस्ती सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. करारात वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. पण आपल्याकडे करार असतो कुठे? आजोबांनी तोंडी दिलेली खोली! तिथे निदान तक्रार लेखी घ्या, तारीख घाला, दुरुस्तीची पावती जपा. भाडेकरूने स्वतःचाच नळ उघडा टाकला असेल, तर हेच कागद आपल्या बाजूने बोलतात.

आणखी एक. आपण उतरवलेल्या घराच्या विम्यात भाडेकरूचे सामान येत नाही. २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत भाडेकरूला फक्त आपल्या घरसामानाचा विमा उतरवता येतो. धंद्याच्या मालाला मात्र वेगळी पॉलिसी लागते. आमच्या भाडेकरूंनी आता ती घेतली आहे.