ऑकलंडहून दोन शब्द



न्यूझीलंडने १९९१ मध्ये परदेशी अर्जदारांसाठी गुणपद्धत आणली. शिक्षण, वय, अनुभव यांची बेरीज जमली की दार उघडे. आम्हीही ती बेरीज केली. आमच्या आडनावातल्या गावाला आणि वडिलांच्या कबरीला त्या अर्जात रकाना नव्हता.

१९४८ नंतर आपले लोक इस्राएलला गेले ते निदान समूहाने. लोद, अश्दोद, दिमोना येथे मराठी बोलणारे शेजारी भेटत. ऑकलंडला सिनेगॉग आहे, माणसे प्रेमळ आहेत, पण प्रार्थनेची चाल आपली नव्हे. पेसाह पानगळीत येतो!

पहिल्या वर्षी तू बिश्वातला मलिदा केला. पोहे, गूळ भारतीय दुकानात मिळाले. एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणायला घरचे चौघेच. नोकरीत बढती त्याच महिन्यात मिळाली, हेही सांगितले पाहिजे. तिने मुलांची शिक्षणे झाली. आम्ही चुकलो असे म्हणवत नाही. बरोबर केले असेही छातीठोकपणे म्हणवत नाही.

आईने तेव्हा अडवले नाही. “मलिद्याला पाच फळे मिळतात ना तिकडे?” एवढेच विचारले होते. मिळतात. उद्या तिला घेऊन नवगावला जाणार आहोत.