प्रताधिकाराची नोंद आणि ती तपासणारा कर्मचारी



नोंदणी केल्याखेरीज लेखकाला प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, मिळत नाही, हा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मूळ कृती निर्माण होताच हा हक्क अस्तित्वात येतो. नोंदणी ऐच्छिक आहे.

मग नवी दिल्लीच्या प्रताधिकार कार्यालयात अर्ज तपासणारा कर्मचारी नेमके काय करतो? अर्जानंतरचे ३० दिवस आक्षेपांसाठी राखलेले असतात. त्यानंतर तो कागदपत्रे पडताळतो. कृती साहित्य, संगीत, कला की चित्रपट, कोणत्या वर्गात मोडते? अर्जदार स्वतः कर्ता नसेल, तर हक्क हस्तांतरित झाल्याचा लेख जोडला आहे काय? बोधचिन्हासारखी कलाकृती मालावर वापरण्याजोगी असेल, तर व्यापारचिन्ह निबंधकाचा दाखला आहे काय? आक्षेप आल्यास उभय पक्षांना सुनावणीची संधी मिळते. अंतिम निर्णय प्रताधिकार निबंधकाचा असतो.

ही छाननी केवळ औपचारिक नव्हे. कलम ४८ नुसार नोंदवहीतील नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. त्यामुळे चुकीची नोंद झाल्यास ती खोडून काढण्याचा भार खऱ्या कर्त्यावर पडतो. नोंदवहीच्या दुरुस्तीसाठी त्याला उच्च न्यायालयात जावे लागते. २०२१ पासून हे अधिकार तेथे आहेत. ग्रामीण भागातील एखाद्या लोककलावंताला हा खर्च परवडणारा नसतो.

नोंद हक्क निर्माण करीत नाही, ती हक्काला पुराव्याचे बळ देते. हे बळ योग्य हाती जावे, यासाठीच ही तपासणी असते.