बास्केटबॉलमधील सांघिक बचाव आणि त्याचा सराव

वर्धा जिल्ह्यातील शाळांचे बास्केटबॉल संघ १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत खेळतात आणि जिल्हास्तरावर विजयी ठरलेल्या संघाची गाठ पुढे नागपूर विभागातील अन्य जिल्ह्यांच्या संघांशी पडते. नेम चुकण्याचा दिवस अशा स्पर्धेत कोणत्याही संघाच्या वाट्याला येऊ शकतो. परंतु ज्याचा बचाव पक्का आहे, तो संघ त्या दिवशीही सामन्यात टिकून राहतो, कारण पायांची हालचाल, नजर आणि सोबत्यांना वेळेवर दिलेली हाक या तीन गोष्टी सरावाने अंगवळणी पडल्या की त्या सहसा दगा देत नाहीत. असे असूनही सरावाचा मोठा भाग बास्केट करण्यावर खर्च होतो आणि बचाव प्रत्यक्ष सामन्यात आपोआप जमेल, असे गृहीत धरले जाते. काळ्या मातीच्या पटांगणावर चेंडू नीट उसळत नाही, ही ग्रामीण शाळांची खरी अडचण आहे. मात्र बचावाचा सराव तिथेही उत्तम होऊ शकतो, कारण त्यासाठी फक्कीने आखलेल्या रेषा, आठ खेळाडू आणि एक चेंडू एवढेच पुरते. उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगा तेवढ्या आधी मुरूम टाकून बुजवून घ्याव्यात, अन्यथा पाय मुरगळण्याचा धोका राहतो.

सरावाचा प्रारंभ पवित्र्यापासून करावा. पावले खांद्यांपेक्षा थोडी अधिक रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सरळ आणि शरीराचा भार टाचांवर न ठेवता चवड्यांवर, असा हा पवित्रा असतो. त्यातून खेळाडूने पाय एकमेकांवर न चढवता आडवे सरकत राहावे. पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. त्याचे लांबीने दोन पट्टे करून एकेका पट्ट्यात एक आक्रमक नागमोडी चालीने पुढे जाईल आणि बचावपटू प्रत्येक वळणावर त्याच्या आधी पोहोचून वाट अडवील, अशी जोडी लावावी. पहिल्या आठवड्यात बचावपटूने दोन्ही हात पाठीमागे बांधून हा सराव करावा.

हात बांधून ठेवण्यामागे ठोस कारण आहे. विदर्भातील मुलांवर कबड्डीचे संस्कार लहानपणापासून होतात; वर्धा नदीपलीकडील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते, इतकी ही परंपरा जुनी आहे. कबड्डीतून आलेला खेळाडू पायांनी चपळ असतो आणि सोबत्याच्या हालचालीबरोबर हलणेही त्याला ठाऊक असते. परंतु पकड करण्याची त्याची सवय बास्केटबॉलमध्ये फाउल ठरते. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे लिहिलेल्या मूळ १३ नियमांतच धरणे, ढकलणे आणि पाय घालून पाडणे यांना मनाई होती. आजच्या नियमांनुसार पाच वैयक्तिक फाउल झालेला खेळाडू सामन्याबाहेर जातो आणि १० मिनिटांच्या एका सत्रात संघाचे चार फाउल झाल्यानंतर, चेंडू ताब्यात नसताना केलेल्या पुढील प्रत्येक वैयक्तिक फाउलसाठी प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे अडथळ्याविना नेम साधण्याच्या दोन संधी, मिळतात.

यानंतरचा आणि सर्वांत मोलाचा सराव म्हणजे ‘शेल ड्रिल’. अर्ध्या मैदानात बास्केटभोवती चार आक्रमक, दोन समोर आणि दोन कोपऱ्यांकडे, उभे करावेत आणि प्रत्येकावर एक बचावपटू नेमावा. प्रथम चेंडूचे टप्पे न मारता केवळ पास द्यावेत आणि चेंडू हवेत असतानाच चारही बचावपटूंनी जागा बदलावी. चेंडू पोहोचल्यानंतर हलणे म्हणजे उशीर झाला, असेच समजावे. चेंडूजवळचा बचावपटू आक्रमकाला खेटून राहील, एका पासच्या अंतरावरचा बचावपटू पासच्या मार्गात हात ठेवील आणि दोन पासच्या अंतरावरचा बचावपटू आपला खेळाडू सोडून मैदानाच्या मध्यरेषेकडे सरकेल. एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत कल्पिलेली ही रेषा ‘हेल्प लाइन’ म्हणून ओळखली जाते. तिथून आपला खेळाडू आणि चेंडू हे दोन्ही मान न फिरवता दिसले पाहिजेत. चेंडूपासून दूर असलेल्या याच खेळाडूच्या दक्षतेवर संघाचा बचाव उभा असतो आणि नवख्या संघात नेमका तोच उभ्या उभ्या खेळ पाहत राहतो.

पासचा टप्पा पक्का झाला की आक्रमकाला आत मुसंडी मारू द्यावी. तेव्हा दूरचा बचावपटू पुढे येऊन वाट अडवील, त्याने मोकळा सोडलेला खेळाडू तिसरा बचावपटू घेईल आणि चेंडू बाहेर गेला की सर्व जण पुन्हा पसरतील. ‘चेंडू माझा’, ‘मदत आहे’, ‘सोडला’ अशा ठरलेल्या हाका या वेळी मोठ्याने दिल्याच पाहिजेत. क्रीडाशिक्षकांनी शांतपणे झालेला शेल ड्रिल, तो कितीही सफाईदार वाटला तरी, पुन्हा करून घ्यावा.

मदत करून आपल्या खेळाडूकडे परतणे, ज्याला ‘क्लोजआउट’ म्हणतात, यात घाई घातक ठरते. पहिले अंतर धावून कापावे, शेवटची दोन-तीन पावले आखूड टाकावीत आणि एक हात उंच ठेवावा. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकल्यानंतरही बचाव संपलेला नसतो, कारण रिंगला लागून उसळलेला चेंडू त्यालाच मिळाला, तर २४ सेकंदांच्या घड्याळावर त्याला नव्याने १४ सेकंद मिळतात. म्हणून नेम सुटताच प्रत्येकाने आपल्या खेळाडूला पाठीने अडवून मगच चेंडूकडे जावे.

माणसाऐवजी जागा वाटून घेण्याच्या बचावाला ‘झोन’ म्हणतात. तो लहान गटात लवकर विजय मिळवून देतो, परंतु १४ वर्षांखालील मुलामुलींना त्यात अडकवणे योग्य नव्हे. एकेका प्रतिस्पर्ध्याची जबाबदारी घेण्याची सवय त्या वयात लागली नाही, तर पुढे ती लावणे फार कठीण जाते. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या काळात हे सर्व सराव सकाळी उन्हे चढण्यापूर्वीच आटोपावेत, सरकण्याचे सराव अर्ध्या मिनिटाच्या लहान फेऱ्यांत विभागावेत आणि प्रत्येक फेरीनंतर पाणी पिण्यास पुरेसा अवकाश द्यावा.