अद्भुत आख्यान आणि चित्रवाणीचा पडदा

धाराशिव जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगररांगेंत, तुळजापूरचें देवस्थान आहे. तेथील भवानीचें आख्यान महाराष्ट्रांतील असंख्य घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलें गेलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, घटस्थापनेच्या दिवशीं, तें ‘आई तुळजाभवानी’ या नांवानें कलर्स मराठी वाहिनीवर मालिकारूपानें अवतरलें. निर्मिति कोठारे व्हिजन या संस्थेची. शब्दांत आणि श्रद्धेंत वाढलेली अद्भुतकथा यंत्राच्या डोळ्यापुढें उभी केली म्हणजे तिचें काय होतें, हा जुना प्रश्न त्या निमित्तानें पुन्हां विचारण्याजोगा झाला.

मूळ आख्यान आटोपशीर आहे. कृतयुगांत कर्दम ऋषि निवर्तल्यावर त्यांची पत्नी अनुभूति लहानग्या मुलासह मागें राहिली. मंदाकिनीच्या तीरीं तिनें तप आरंभिलें. कुकुर नांवाच्या दैत्यानें तिचा तपोभंग करण्याचा प्रयत्न केला, तेव्हां देवी त्वरेनें धांवून आली, महिषरूप घेतलेल्या त्या दैत्याचा तिनें वध केला, आणि ती यमुनाचलावर वास्तव्य करून राहिली. त्वरेनें आली म्हणून त्वरिता; त्वरितेची तुरजा व तुरजेची तुळजा झाली, अशी या नांवाची परंपरागत व्युत्पत्ति आहे. गोंधळी आपलें आख्यान संबळ-तुणतुण्याच्या साथीवर, दिवटीच्या उजेडांत, एका रात्रींत पुरें करितो. युद्ध दाखवावयास त्याच्यापाशीं हात आणि आवाज यांखेरीज कांहीं नसतें. दैत्य किती अक्राळविक्राळ होता, हें ऐकणारा ज्याचा त्यानें ठरवावयाचें असतें.

चित्रवाणीचा धर्म याच्या उलट. तिला सर्व कांहीं दाखवावें लागतें, आणि संपून चालत नाहीं. याच संस्थेची ‘जय मल्हार’ ही मालिका २०१४ ते २०१७ पर्यंत झी मराठीवर चालली. परंतु खंडोबाच्या कथेंत म्हाळसा आणि बानू यांचा सवतीमत्सर लोकगीतांनींच रंगवून ठेविलेला आहे. दैनंदिन मालिकेला लागणारा संसार तेथें आयता होता. तुळजेच्या आख्यानांत संसार नाहीं. एक निराधार स्त्री, एक दैत्य आणि एकटी देवी, एवढाच पसारा. तो शेंकडों भागांपर्यंत पसरावयाचा तर नवीं पात्रें आणि नवे प्रसंग निर्माण करणें अपरिहार्य ठरतें.

पडद्यावरील अद्भुत महाराष्ट्राला नवें नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ मध्यें ‘कालियामर्दना’त नुसत्या छायाचित्रणाच्या युक्तीनें प्रेक्षकांस थक्क केलें. १९३६ मध्यें प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटांत अखेरीस विमान उतरतें; पण तोंपर्यंत प्रेक्षक तुकोबांच्या दारिद्र्यांत आणि जिजाईच्या रागांत इतका रमलेला असतो कीं, त्या विमानाची त्याला शंका येत नाहीं. हिंदींत देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही १८८८ ची कादंबरी १९९४ मध्यें दूरदर्शनवर आली. खत्रींचे ऐयार वेषांतरानें आणि बुद्धीनें चमत्कार घडवितात, तिलिस्मांत यंत्रें असतात. मालिका मात्र मूळ कथेपासून पुष्कळ दूर गेली, आणि तरीही अफाट लोकप्रिय झाली. लोकप्रियता आणि निष्ठा या दोन वस्तू एकत्र नांदतातच असें नाहीं.

त्यांतून धंद्याचें स्वरूपही पालटत गेलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें तेव्हां वाहिनी एकच. १९८७ मध्यें ‘रामायण’ लागलें तेव्हां पुढच्या भागासाठीं रविवारची वाट पाहावी लागे. १९९९ मध्यें अल्फा मराठी आली. २००० मध्यें आलेली ई टीव्ही मराठी २०१५ मध्यें कलर्स मराठी झाली. २००८ मध्यें स्टार प्रवाह आली. नोव्हेंबर २०२४ मध्यें, ही मालिका सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तोंच, कलर्स मराठी व स्टार प्रवाह या प्रतिस्पर्धी वाहिन्या विलीनीकरणामुळें एका छत्राखालीं आल्या. घरोघर आतां तोच खेळ हातांतील यंत्रावर हवा तेव्हां पाहतां येतो. प्रेक्षकसंख्येचे आंकडे आठवड्याला येतात, आणि त्यांवर कथेची दिशा बदलूं शकते.

तुळजापूरची रीत याहून निराळी. तेथील मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां, घोर, श्रम आणि मोह या निद्रांसाठीं, ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. देवीलाही विसावा लागतो, ही कल्पना भाविकाला तिच्या जवळ आणते. पडद्यावरील देवीला मात्र रोज कांहीं तरी पराक्रम करावाच लागतो.

म्हणून रूपांतरकारानें भर घातली, एवढ्यानें तो दोषी ठरत नाहीं. गोंधळीही भर घालीतच आला. पाहावयाचें तें इतकेंच कीं, घातलेली भर कथेच्या गाभ्यांतून उगवली आहे काय. या आख्यानाचा गाभा दैत्याच्या शिंगांत किंवा आयुधांच्या तेजांत नाहीं. एका असहाय मातेची हांक आणि तिला मिळालेलें तात्काळ उत्तर यांत तो आहे. संगणकानें निर्मिलेला महिष अनुभूतीच्या संकटाहून मोठा दिसूं लागला, तर दृश्य राहील आणि कथा जाईल. तें संकट प्रेक्षकाला आपलेंसें वाटलें, तर मात्र देवीचें धांवून येणें साध्या उजेडांतही अद्भुतच वाटेल.