संडासला घाबरणारी लेकरं



आज आपण लेकरांच्या संडासबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर असले शब्द कसे बोलायचे, असं आमच्याच गटात दोघी-तिघींनी विचारलं. ज्या आईला नऊ वर्षांच्या पोराच्या चड्ड्या दिवसातनं चार वेळा धुवाव्या लागतात, तिला हे शब्द काही नवे नाहीत. तेव्हा शी, शू, ढुंगण धुणं, सगळं आज उघड बोलू. समोर ताट असेल तर आधी जेवून घ्या.

बहुतेक लेकरं तीन-साडेतीन वर्षांची झाली की शू-शी सांगायला लागतात, आणि पहिलीत जाईपर्यंत आपलं आपण धुवायलाही शिकतात. काही लेकरांना मात्र हे जमत नाही. ती संडासच्या दारातच रडायला लागतात, किंवा चड्डीत झालेलं तासभर तसंच घेऊन खेळतात. मग घरातली वडीलधारी म्हणतात, लाडावून ठेवलंय. जाऊबाई म्हणते, आळशी आहे. कुणी दृष्ट काढायला सांगतं. कुणी, आम्हाला सांगताना वाईट वाटतं, चटका द्यायला सांगतं.

यातल्या कितीतरी लेकरांची अडचण हट्टाची नसते, जाणिवेची असते. वास, आवाज, पाण्याचा स्पर्श, पोटातली कळ, हे तुम्हाला-आम्हाला जेवढं जाणवतं तेवढंच सगळ्यांना जाणवतं असं नाही. काही लेकरांना ते फार जास्त जाणवतं, काहींना फार कमी. स्वमग्न मुलांमध्ये, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे असं डॉक्टर सांगतात त्यांच्यात, हे पुष्कळ दिसतं. मतिमंद म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्या लेकरांतही दिसतं, आणि ज्याला कुठलाच आजार सांगितलेला नाही अशा एखाद्या लेकरातही दिसतं.

आता जरा आपल्या घरच्या संडासात त्या लेकराच्या जागी बसून बघा. पत्र्याचं दार धाडकन वाजतं. आत बोललं तर आवाज घुमतो. फिनेलचा वास नाकात जातो. वर एक छोटा झरोका, दिवा नाहीच किंवा बटण मोठ्या माणसाच्या उंचीवर. हिवाळ्यात टाकीतलं पाणी बर्फासारखं. पाय ठेवायची जागा ओली, आणि दोन पायांच्या मधे एक काळं भोक. आपल्याकडची ही भांडी कमी पाण्यात साफ व्हावीत म्हणून जास्त उताराची केलेली असतात. दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं, ते चांगलंच आहे. पण लहान लेकराला तो उतार बघून आपण आत घसरू असं वाटतं. कोपऱ्यात पाल असली तर विचारूच नका. आमच्या गावात तर अर्ध्या संडासांत अजून सरपण आणि गोवऱ्याही असतात, म्हणजे लेकराला वळायलाही जागा नाही.

म्हणून शिकवायला लागायच्या आधी, लेकरू नेमकं कशाला भितं ते आठवडाभर नुसतं बघा. दारातच अडतं की बसल्यावर? पाणी अंगाला लागलं की ओरडतं की पाणी ओतल्याच्या आवाजाला कान झाकतं? उत्तर मिळालं की उपाय बहुतेक स्वस्तातला निघतो. दाराच्या चौकटीला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा ठोकला की धाडकन आवाज बंद होतो. फिनेल रात्री टाकून धुवून घ्या, सकाळपर्यंत वास उतरतो. दिव्याचं बटण खाली घ्या, नाहीतर दोरी बांधा. पाणी कोमट करून लहान बादलीत ठेवा. पाय ठेवायच्या जागी रंगानं दोन पावलं काढा, लेकराला कुठं उभं राहायचं ते कळतं. समोरच्या भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी दांडी बसवली, की धरून बसता येतं. नुसतं उकिडवं बसायला ज्यांचा तोल जातो, त्यांचा निम्मा घोर या दांडीनं जातो. आणि आत भूत आहे, बुवा आहे, असली भीती कुणालाही घालू देऊ नका. ते भूत मग वर्षभर आपल्यालाच बाहेर काढत बसावं लागतं.

दुसरी लेकरं याच्या उलटी. त्यांना शी लागलेली कळतच नाही, किंवा कळते तेव्हा उशीर झालेला असतो. चड्डी ओली झाली तरी त्यांना काही खुपत नाही. यांना "लागली तर सांग" म्हणून उपयोग नाही, कारण लागल्याचंच कळत नाही. यांना घड्याळानं न्यावं लागतं. जेवण झालं की पोटातलं खाली सरकायला लागतं, ही शरीराची रीतच आहे. म्हणून सकाळच्या चहा-भाकरीनंतर आणि संध्याकाळच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी रोज न्यायचं. पाच-सात मिनिटं बसवायचं. झाली तर कौतुक, नाही झाली तर काही न बोलता उठवायचं. कोंडून ठेवायचं नाही.

इथं एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण ती बऱ्याच जणींना माहीत नसते. संडासला भिणारं लेकरू शी दाबून धरतं. दाबून धरलं की ती कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की लेकरू आणखी दाबतं. असं बरेच दिवस चाललं की आत गोळा बसतो आणि त्याच्या कडेनं पातळ शी नकळत चड्डीत पाझरत राहते. आईला वाटतं जुलाब झालेत, आणि ती जुलाब थांबायचं औषध देते. झालेला असतो मलावरोध. तेव्हा लेकरू तीन-तीन दिवस बसत नसेल आणि चड्डीला मात्र रोज डाग पडत असतील, तर आधी आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. पोट मोकळं झाल्याशिवाय कुठलंच शिकवणं लागू पडत नाही. घरात पाणी, पालेभाजी, केळी, पेरू वाढवा. बिस्किटं आणि चहावर लेकरू ठेवू नका, हेही जाता जाता सांगतो.

आता शिकवायचं कसं. आपण सहसा पहिल्यापासून शिकवतो, आणि लेकरू मधेच कंटाळलं की राहिलेलं आपण उरकतो. या लेकरांना शेवटाकडून शिकवलेलं बरं पडतं. म्हणजे चड्डी काढणं, बसवणं, धुणं सगळं आईनं करायचं, फक्त शेवटी चड्डी वर ओढायचं काम लेकराचं. ते पक्कं झालं की भांड्यात पाणी ओतणंही त्याचं. मग शेवटचा तांब्या त्यानं घ्यायचा. असं एक-एक पायरी मागं सरकायचं. यात काम लेकराच्या हातानं पुरं होतं, आणि "मी केलं" ही भावना रोज मिळते. एका पायरीला कधी चार दिवस लागतात, कधी दोन महिने. नाडीची चड्डी आणि बटणाची पँट तेवढे दिवस पेटीत ठेवा, इलॅस्टिकची घाला.

बोलून सांगण्यापेक्षा चित्र दाखवलेलं या लेकरांना जास्त कळतं. चड्डी खाली, बसणं, धुणं, पाणी ओतणं, चड्डी वर, साबणानं हात धुणं, अशी सहा चित्रं कोळशानं भिंतीवर काढली तरी चालतात. घरातल्या सगळ्यांनी शब्दही तेच वापरायचे. आई म्हणते शी, आजी म्हणते परसाकडं, शाळेत म्हणतात शौचास, तर लेकरानं काय समजायचं?

सगळ्यात अवघड धुणं. हात मागं नेऊन, न दिसणाऱ्या जागी, नेमकं धुवायचं. आपल्याला सोपं वाटतं, पण डोळे मिटून वेणी घालायला शिकण्यासारखं आहे ते. याचा सराव संडासात करायचाच नाही. न्हाणीत करायचा. लेकराच्या कोपराच्या मागच्या बाजूला थोडी ओली माती लावायची आणि न बघता पाण्यानं धुवायला सांगायचं. धुताना बोटाला बुळबुळीत लागतंय का, विचारायचं. बुळबुळ गेली की स्वच्छ. हे कोपरावर जमलं की मांडीच्या मागं, मग खऱ्या जागी. ज्याला बोटाला काहीच नीट कळत नाही, त्याला मोजून शिकवा: पाच वेळा पाणी, पाच वेळा हात, मग आईनं बघायचं. ज्याला हाताला घाण लागायची किळस येते, त्यानं सुरुवातीला पातळ सुती कापडाची पिशवी हातात घालून धुवावं. पिशवी उकळून वाळवायची. पाण्यात खेळणारं लेकरू अख्खी टाकी रिकामी करतं, त्याला एक छोटी बादली भरून द्यायची, ती संपली की काम संपलं. मुलींना पुढून मागं धुवायला पहिल्यापासून शिकवा. मागचं पुढं आलं की लघवीच्या जागी जंतू जातात आणि जळजळ सुरू होते.

साबणाचंही तेच. वास सहन होत नसेल तर बिनवासाचा घ्या. वडी हातातून निसटते म्हणून लेकरू टाळतं, तर ती जुन्या मोज्यात घालून नळाला टांगा. वीस आकडे होईपर्यंत हात चोळायचे.

हे सगळं आम्ही पुस्तकातनं सांगत नाही. आमच्या एका गटातली ताई दोन वर्षं बैठकीला येईना. हप्ता पोरीच्या हाती पाठवायची. घरी गेल्यावर कळलं, तिचा धाकटा आठ वर्षांचा, चड्डीत करतो, अंगाला वास येतो, म्हणून ती त्याला घेऊन कुठंच जात नाही. शाळेनं सांगितलेलं, आई शाळेत बसत असेल तरच पाठवा. तिनं खुरपणीची मजुरी सोडून शाळेच्या ओट्यावर बसायला सुरुवात केली. एका हंगामाची मजुरी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात घरचे म्हणत होते, ह्याला आता घरीच ठेव.

गटानं तिच्या घरी बारी लावली. दोघींनी मिळून संडासातलं सरपण हलवलं, गटातल्या एकीच्या मालकानं दांडी आणि दिवा बसवून दिला. पोरगा पत्र्याच्या आवाजाला भीत होता, ते रबरानं गेलं. मलावरोधाचं औषध डॉक्टरांनी काही महिने दिलं. पहिली पायरी जमायलाच दीड महिना लागला. मधे तापात पडला तेव्हा सगळं विसरला, परत सुरू केलं. आज तो शीला आपलं आपण जातो, धुतोही, फक्त आई एकदा बघते. रात्री अजून अंथरूण ओलं होतं. रात्रीचं उशिरा जमतं, त्याची घाई ताई करत नाही. ती कामाला जायला लागली, आणि बैठकीत मागच्या महिन्यात कर्जाच्या व्याजावरून सगळ्यात मोठ्यानं भांडली.

तपासणीचं सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका, आशाताईंना तारीख विचारून घ्या. पथकाला शंका आली तर ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे, त्यात स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमताही आहे. लेकराला स्वतःहून शी-शू जमत नाही, हे कारण सांगून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आणि ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शाळेच्या संडासात दांडी, रॅम्प, दिवा, पाणी, यासाठी ग्रामसभेत लेखी मागणी करा. एकटीनं मागितलं तर हसतात, ग्रामसंघाच्या ठरावानं मागितलं तर वहीत लिहून घेतात.

आणखी एक. जे लेकरू स्वतः धुवू शकत नाही, त्याला कुणीही हात लावू शकतं, आणि त्याला ते नेहमीचंच वाटतं. म्हणून मदत कोण करणार ती दोन-तीन माणसं ठरवून ठेवा, आणि लेकराला ती ओळखीनं सांगा. दार लावायला शिकवा. दुसरं कुणी चड्डीला हात लावलं तर "नको" म्हणायला, बोलता येत नसेल तर हात ढकलायला आणि ओरडायला शिकवा. अकरा-बारा वर्षांच्या मुलींच्या आयांनी पाळीच्या कपड्याची ओळख आधीच करून द्यावी. कोरडा पॅड किंवा घडी रोज थोडा वेळ चड्डीत ठेवून सवय करायची, नाहीतर पहिल्या पाळीला तो स्पर्शच सहन होत नाही आणि मुलगी काढून फेकते.

शाळेच्या दप्तरात एक जास्तीची चड्डी, एक प्लास्टिकची पिशवी आणि लहान टॉवेल ठेवा. बाईंना भेटून सांगा, मधल्या सुट्टीत जेवणानंतर याला एकदा आठवण करा, सगळ्यांसमोर मोठ्यानं नाही, हळूच. बहुतेक बाई ऐकतात. तुमच्या गटात असं लेकरू असेल तर पुढच्या बैठकीत कर्ज-हप्त्याचा हिशोब झाल्यावर त्या आईला पंधरा मिनिटं द्या, आणि काही विचारायचं असेल तर ग्रामसंघाच्या वहीत प्रश्न लिहून पाठवा. रात्रीच्या अंथरुणाबद्दल आधीच बरेच प्रश्न आलेत, तो विषय आम्ही वेगळा घेणार आहोत.