रेषेबाहेरचे ठिपके

एखाद्या शास्त्रज्ञानें एकाच गोष्टीचें शंभर वेळां माप घेतलें आणि दर मापासाठीं कागदावर एक ठिपका दिला, तर ते सारे ठिपके एका ओळींत कधींच बसत नाहींत. बहुतेकांचा एक पुंजका होतो. दोनचार मात्र दूर कोठें तरी जाऊन पडतात. पुंजक्याच्या वर एक व खालीं एक अशा मर्यादेच्या रेषा आखून बाहेरचे ठिपके हिशेबांतून वगळावे, ही रीत जुनी आहे. अमेरिकेंतील बेंजामिन पीअर्स ह्यांनीं १८५२ सालीं अशा वगळणुकीचा नियम गणितानें बसविला. रीत गैर नव्हे. यंत्र बिघडतें, आंकडा उतरून घेतांना हात चुकतो. तसलीं मापें राहूं दिलीं तर सारी सरासरी नासते. तांदळांतला खडा वेंचावाच लागतो. पण खडा कोणता, हें ठरविणारी रेषा आखावयाची कशाच्या आधारें?

ह्या प्रश्नाची कसोटी दक्षिण ध्रुवाकडील आकाशांत लागली. सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीचें रक्षण करणारा ओझोन वायु उंचावर विरळ पसरलेला आहे. तो सगळा खालीं आणून समुद्रसपाटीवरील दाबांत व शून्य अंश उष्णमानांत पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. ह्यालाच ३०० डॉब्सन म्हणतात. १९७८ सालीं अमेरिकेनें सोडलेला निंबस-७ हा उपग्रह हा थर जगभर मोजीत असे. मापांचा ढीग एवढा, कीं पहिली छाननी गणकयंत्राकडेच सोंपविली होती. तोंपर्यंत २०० च्या खालचें माप कोठेंही नोंदलें गेलेलें नव्हतें. म्हणून १८० च्या खालीं जें येईल त्यावर संशयाची खूण करावी, असा नियम ठरला. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणें तो शहाणपणाचाच होता.

इकडे हॅली ह्या ब्रिटिश ठाण्यावर मात्र जमिनीवरच्या साध्या यंत्रानें १९५६ पासून वेध घेतले जात होते. तेथील ऑक्टोबरांतलीं मापें वर्षानुवर्षें उतरत चाललीं. फार्मन, गार्डिनर व शँकलिन ह्या तिघांनीं प्रथम आपल्याच यंत्रावर संशय घेतला, नवें यंत्र लावून पाहिलें, आणि १९८५ च्या मे महिन्यांत ‘नेचर’ साप्ताहिकांत सांगून टाकलें, कीं पूर्वी ३०० च्या आसपास असणारा थर आतां २०० च्याही खालीं गेला आहे.

पुढें अशी कथा पसरली, कीं अमेरिकेच्या यंत्रानें तीं मापें फेकूनच दिलीं होतीं. कथा चटकदार आहे, पण खरी नव्हे. खूण केलेलीं मापें जपून ठेविलीं होतीं. १९८४ सालीं १९८३ च्या ऑक्टोबरांतलीं मापें तपासतांना उपग्रहाच्या मंडळींस आढळलें, कीं खुणांची संख्या एकाएकीं वाढली आहे, आणि ते ठिपके सैरावैरा विखुरलेले नसून दक्षिण ध्रुवाच्या भोंवतीं एकत्र आलेले आहेत. नुसत्या चुकांचा असा घोळका सहसा जमत नाहीं. त्यांनीं पडताळ्यासाठीं ध्रुवावरील ठाण्याचे आंकडे पाहिले, तर तेथें सुमारें ३००! दैवाची थट्टा अशी, कीं ते ध्रुवावरचे आंकडेच चुकीचे निघाले. रेषेच्या आंत बसलेलें माप खोटें आणि बाहेर काढलेलें खरें!

हॅलीचा लेख आल्यावर उपग्रहाचीं तींच जपलेलीं मापें नकाशावर मांडण्यांत आलीं, आणि एका ठाण्यावर दिसलेली तूट साऱ्या अंटार्क्टिक खंडावर पसरलेली दिसली. १९८७ सालीं माँट्रिअल येथें अनेक राष्ट्रांनीं, शीतकपाटांत वापरले जाणारे व ओझोनचा नाश करणारे वायु कमी करण्याच्या करारावर सह्या केल्या.